लवकर सापडले म्हणजे वाचले का?

कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते तपासून पाहावे असे आपल्या मनातही येत नाही. दवाखान्यातल्या तक्त्यांवर ते असते, आरोग्यावरच्या भाषणांत असते, आपणही ते वर्गात सांगतो. बऱ्याचदा ते खरेही असते. पण विज्ञानात 'बऱ्याचदा' एवढ्यावर भागत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत हे वाक्य कितपत खरे आहे हे ठरवायला सुमारे चाळीस वर्षे लागली, हजारो माणसांना चाचण्यांत भाग घ्यावा लागला आणि एका नामवंत संशोधिकेच्या कामावर मोठा वाद झाला. ती हकीगत आज आपण पाहू.

लपून बसणारा रोग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुप्फुसाचा कर्करोग दुर्मीळ होता. आयझॅक ॲडलर या डॉक्टरांनी १९१२ साली त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा इतक्या विरळ रोगावर पुस्तक कशाला, याचे स्पष्टीकरण त्यांना द्यावेसे वाटले. पुढे सिगारेटचा प्रसार झाला आणि चित्र पालटले. १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, धूम्रपान आणि हा रोग यांचा संबंध आकडेवारीने दाखवून दिला.

हा रोग फसवा आहे. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाहीत. एखादी गाठ तिथे वाढत राहिली तरी माणूस हिंडता-फिरता असतो. खोकल्यातून रक्त पडणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग बहुधा इतरत्र पसरलेला असतो. मग लक्षणे नसतानाच, धोका असलेल्या माणसांच्या छातीचा क्ष-किरण फोटो नियमित काढला तर? कल्पना अगदी सरळ होती.

मेयोमधले कोडे

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९७१ ते १९८३ या काळात ही कल्पना कसोटीला लावली गेली. भरपूर सिगारेट ओढणाऱ्या ९,२११ पुरुषांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगावर सोडले. एका गटाची सहा वर्षे दर चार महिन्यांनी क्ष-किरण आणि थुंकीची तपासणी झाली. दुसऱ्या गटाला वर्षातून एकदा तपासणी करून घ्या, एवढाच सल्ला दिला.

तपासणीच्या गटात २०६ जणांना कर्करोग सापडला, दुसऱ्या गटात १६० जणांना. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण तपासणीच्या गटात सुमारे ३३ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. इथेच थांबलो तर आपण टाळ्या वाजवू. पण शेवटचा आकडा पाहा. या कर्करोगाने तपासणीच्या गटात १२२ माणसे दगावली आणि दुसऱ्या गटात ११५. म्हणजे रोग जास्त सापडले, रुग्ण 'जास्त काळ' जगले आणि तरीही मृत्यू कमी झाले नाहीत!

हे कसे शक्य आहे? समजा, एका माणसाचा मृत्यू या रोगाने वयाच्या सत्तराव्या वर्षी होणार आहे. लक्षणे दिसून निदान झाले सदुसष्टाव्या वर्षी. तो निदानानंतर तीन वर्षे जगला, म्हणजे 'पाच वर्षे जगलेल्यां'त त्याची गणना होणार नाही. आता समजा, तपासणीत त्याचा रोग त्रेसष्टाव्या वर्षीच सापडला, पण उपचारांचा काही उपयोग झाला नाही आणि तो सत्तराव्या वर्षीच वारला. आता तो निदानानंतर सात वर्षे जगला! तो यशाच्या आकड्यात जमा होतो. प्रत्यक्षात त्याचे आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नाही. वाढला तो रुग्ण म्हणून जगण्याचा काळ. आपण घड्याळ फक्त आधी सुरू केले.

दुसरेही एक कारण आहे. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्या माणसाला आयुष्यात कधीच त्रास देणार नसतात. तपासणीत त्या सापडतात, त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, माणूस अर्थातच जगतो आणि तोही यशात मोजला जातो. म्हणून अशा तपासणीचा कस लावायचा तर निदानानंतर किती जगले हे पाहून चालत नाही. दोन्ही गटांत किती मृत्यू झाले हे पाहावे लागते.

बंद पुस्तक आणि उघडे पुस्तक

क्ष-किरण फोटोची मर्यादाही होतीच. छातीचा फोटो म्हणजे बंद पुस्तक दिव्यासमोर धरून वाचण्यासारखे आहे. सगळ्या पानांवरची अक्षरे एकमेकांवर पडतात. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या यांच्या छायांमध्ये छोटी गाठ हरवून जाते. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सी.टी. स्कॅनरने हे पुस्तक उघडले. १९७१ साली लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्यावर घेतले गेले, आणि १९७९ साली हाउन्सफिल्ड व कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे एकेक पातळ काप वेगळे पाहता येऊ लागले. सुरुवातीची यंत्रे मात्र संथ होती. १९८९ च्या सुमारास मळसूत्रासारखे फिरत सलग चित्र घेणारा स्कॅनर आला आणि एका दमात, श्वास रोखून धरलेला असतानाच, सबंध छातीचे चित्र मिळू लागले. त्यातच, हवेने भरलेल्या फुप्फुसातली घट्ट गाठ कमी मात्रेच्या किरणांनीही उठून दिसते, हे ध्यानात आले.

क्लॉडिया हेन्श्के यांचा प्रयोग

या संधीचा फायदा घेतला न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील क्लॉडिया हेन्श्के यांनी. आधी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून नंतर वैद्यकाकडे वळलेल्या या क्ष-किरणतज्ज्ञ. १९९० च्या दशकात त्यांनी साठ वर्षांवरच्या, धूम्रपान केलेल्या पण लक्षणे नसलेल्या १,००० स्वयंसेवकांची दोन्ही प्रकारे तपासणी केली. निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. क्ष-किरण फोटोत ७ जणांचा कर्करोग दिसला, सी.टी.मध्ये २७ जणांचा. या २७ पैकी २३ रुग्ण पहिल्याच अवस्थेत होते.

पुढे हे काम अनेक देशांत पसरले. २००६ साली ३१,५६७ जणांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कर्करोग सापडलेल्या ४८४ पैकी ४१२ जण पहिल्या अवस्थेतले, आणि त्यांच्यापैकी ८८ टक्के दहा वर्षे जगतील असा अंदाज. आकडे भारावून टाकणारे होते.

पण मेयोचे कोडे आठवा. हेन्श्के यांच्या अभ्यासात तुलनेचा, तपासणी न केलेला गट नव्हता. सापडलेल्या गाठी लहान होत्या हे खरे. पण घड्याळच आधी सुरू झालेले नाही कशावरून? २००७ साली बाख आणि सहकाऱ्यांनी सी.टी. तपासणी झालेल्या ३,२४६ जणांची माहिती तपासली. तपासणी नसती तर किती रोग सापडले असते आणि किती मृत्यू झाले असते, याचा त्यांनी गणिताने अंदाज बांधला. रोगी सुमारे ४५ सापडायला हवे होते, सापडले १४४. मृत्यू ३९ च्या आसपास अपेक्षित होते, झाले ३८. पुन्हा तेच कोडे!

त्यात २००८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की या कामाला मदत करणाऱ्या एका प्रतिष्ठानाचा जवळजवळ सगळा पैसा, सुमारे ३६ लाख डॉलर, एका सिगारेट कंपनीच्या मालक-उद्योगसमूहाकडून आला होता. देणगी जाहीर केलेली होती आणि संशोधनावर कंपनीचा कोणताही प्रभाव नव्हता, असे संशोधकांचे म्हणणे होते. पण शोधनिबंधाच्या वाचकांपर्यंत ही माहिती पोहोचलेली नव्हती. नियतकालिकांना खुलासे छापावे लागले.

निकाल

आता निकाल लावू शकत होती ती फक्त मोठी, योगायोगाने गट पाडलेली चाचणी. ती अमेरिकेत २००२ सालीच सुरू झाली होती. रोज एक पाकीट याप्रमाणे तीस वर्षांइतके धूम्रपान केलेले, ५५ ते ७४ वयाचे ५३,४५४ लोक तिच्यात होते. निम्म्यांची तीन वर्षे दरवर्षी कमी मात्रेची सी.टी. तपासणी झाली, निम्म्यांचा क्ष-किरण फोटो काढला. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्ष-किरण गटात या रोगाने ४४३ मृत्यू, सी.टी. गटात ३५६. घट २० टक्क्यांची!

म्हणजे हेन्श्के यांची दिशा बरोबर होती. सी.टी.मुळे जीव वाचतात. त्यांच्यावर शंका घेणारेही चुकले नव्हते. ८८ टक्के जगतील याचा अर्थ ८८ टक्के मृत्यू टळतील असा नव्हता. एक मृत्यू टाळण्यासाठी सुमारे ३२० जणांची तपासणी करावी लागली. शिवाय सी.टी.ने दाखवलेल्या दर शंभर संशयास्पद चित्रांपैकी सुमारे ९६ चित्रांमध्ये कर्करोग नव्हताच. त्या माणसांची झोप उडाली असेल, काहींच्या छातीत सुई घालून तुकडाही काढला गेला, हे आपण जमाखर्चात मांडायला हवे.

गाठ वाढते की नाही?

हे खोटे इशारे कमी कसे करायचे? हेन्श्के आणि त्यांचे सहकारी डेव्हिड यँकलेविट्झ यांचे याबाबतचे काम मोलाचे आहे. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेगाने वाढते हे पाहा, असे ते सांगत होते. यात वर्गात करून पाहण्याजोगे गणित आहे. मातीची दोन सेंटिमीटर व्यासाची गोळी करा. मग तिच्या दुप्पट माती घेऊन दुसरी गोळी करा. तिचा व्यास मुलांना ओळखायला सांगा. बरीच मुले चार सेंटिमीटर म्हणतील. मोजल्यावर तो भरतो अडीच! कारण घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पाच मिलिमीटरची गाठ दुप्पट झाली तरी तिचा व्यास असतो ६.३ मिलिमीटर. पट्टीने मोजणाऱ्याच्या डोळ्यांतून ही वाढ निसटू शकते. म्हणून संगणकाने सगळे काप एकत्र करून घनफळ मोजायचे. शंका असेल तर काही आठवडे थांबून पुन्हा मोजायचे.

नेदरलँड्स व बेल्जियममधल्या 'नेल्सन' चाचणीत असेच घनफळ मोजले गेले. २०२० साली तिचे निष्कर्ष आले. पुरुषांमध्ये दहा वर्षांत या रोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले, आणि पुढील तपासासाठी पाठवावे लागले ते फक्त सुमारे दोन टक्के तपासण्यांनंतर.

आपल्याकडे

हे आकडे जसेच्या तसे भारतात लागू करता येत नाहीत. क्षयरोगही फुप्फुसात गाठी आणि व्रण ठेवून जातो. बऱ्या झालेल्या जुन्या गाठींत चुना साठलेला असेल तर त्या ओळखू येतात, पण सगळ्यांत तो नसतो. जिथे क्षय जास्त, तिथे खोटे इशारेही जास्त. आणि सिगारेट न ओढलेल्यांनाही हा रोग होतो, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

मात्र प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्याकडेही वापरली गेली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर अशीच दोन गटांची चाचणी घेतली. स्कॅनर नव्हता. प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहत होत्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. यंत्र महागडे की साधे, यावर काही ठरत नाही. मृत्यू कमी झाले का, यावर ठरते.

एखाद्या तपासणीची जाहिरात मुलांनी वर्गात आणली तर त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवता येईल. किती सापडले, हे सांगितले आहे की किती वाचले? तुलना कोणाशी केली आहे? खोटे इशारे किती आले? आणि चौथी गोष्ट सांगायला मात्र विसरू नये. ३२० जणांची तपासणी करून एक मृत्यू टळतो, हे धूम्रपान केलेल्यांचे गणित आहे. सिगारेट-विडी हातात न धरणाऱ्या मुलाला बहुधा या गणितात उतरावेच लागणार नाही.