मेक्सिकन-अमेरिकन : एका संज्ञेचा कागदोपत्रीं इतिहास

एखाद्या समाजास कोणती संज्ञा कोणी लाविली व ती कोणत्या कागदांत कोणत्या अर्थानें आली, हें पाहिल्यावांचून त्याचा इतिहास नीट उलगडत नाहीं. मेक्सिकन-अमेरिकन लोकांचें उदाहरण या दृष्टीनें विचारणीय आहे.

ता. २ फेब्रुवारी १८४८ रोजीं झालेल्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानें कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि मुलूख अमेरिकेकडे गेला. आठव्या कलमान्वयें, मेक्सिकन नागरिकत्व राखण्याचा मनोदय ज्यांनीं वर्षाच्या आंत कळविला नाहीं, ते अमेरिकन ठरले. घर न सोडतां राज्य बदललें. जुन्या सनदांस अभय देणारें दहावें कलम मात्र अमेरिकन सेनेटनें गाळलें. पुढें १८५१ च्या कायद्यानें कॅलिफोर्नियांतील जमीनदारांना आपल्या सनदा नव्यानें शाबीत कराव्या लागल्या. सीमा मोघम, नकाशे ओबडधोबड. दावा जिंकूनहि खर्चापायीं कित्येकांच्या जमिनी गेल्या. सनदा जपणाऱ्या वाचकांस याचें मर्म सांगावयास नकोच.

नागरिकत्वाच्या कायद्यांत वर्णाची अट होती. १८९७ सालीं टेक्ससमधील रिकार्दो रोद्रिगेस याच्या खटल्यांत न्यायाधीशानें तहांच्या आधारें मेक्सिकन मनुष्यास नागरिकत्वास पात्र ठरविलें. १९२९ सालीं कॉर्पस क्रिस्ती येथें 'लुलॅक' ही संस्था स्थापन झाली. तिचा भर अमेरिकन नागरिकत्वावर होता. १९३० च्या खानेसुमारींत 'मेक्सिकन' ही निराळी वर्णजाति मांडली गेली. विरोध झाला, आणि १९४० सालीं हे लोक पुनः बहुशः गोऱ्यांत गणले गेले.

परंतु हीच ढाल पुढें बेडी झाली. हर्नांदेस विरुद्ध टेक्सस या खटल्यांत सरकारपक्ष म्हणे, हे गोरेच. मग ज्यूरीवर गोरे असतां पक्षपात कसला? त्या परगण्यांत पंचवीस वर्षांत मेक्सिकन आडनांवाचा एकहि ज्यूरर नव्हता. कचेरींतील पुरुषांच्या दोन शौचकूपांपैकीं एकावर कांहींच लिहिलेलें नव्हतें. दुसऱ्यावर 'काळे पुरुष' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांखालीं स्पॅनिशमध्यें 'पुरुष येथें' असें होतें. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ती शिक्षा रद्द केली. कायद्यांतील संज्ञेहून दारावरची पाटी अधिक खरी साक्ष देते, ही गोष्ट संशोधकानें ध्यानांत ठेवावी.

१९६० नंतरच्या दशकांत तरुणांनीं 'चिकानो' हा पूर्वीं हिणवण्याकरितां वापरला जाणारा शब्द अभिमानानें धारण केला. १९८० च्या खानेसुमारींत स्पॅनिश मूळ हा प्रश्न वर्णाहून पृथक् असा सर्वांस विचारला गेला, व बहुतेक कुटुंबांनीं उत्तर स्वहस्तें लिहिलें. १९३० चें गणकाच्या हातचें पत्रक आणि हें पत्रक एकत्र ठेवून पाहावें : संज्ञा देणारा कोण, हाच या इतिहासांतील खरा पालट होय.