वितळवलेले रुपये

मंडळी, आज एका कपाची गोष्ट. कबड्डीवाल्या माणसाने रग्बीवर लिहावे याचे हसू येईल, पण कारण आहे.

गिरगावातल्या शाळेत नोकरीला असताना मी कधीकधी धोबीतलावावरून चालत आझाद मैदानाकडे जाई. पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापलीकडे रग्बी चाललेली असे. चिखलाने माखलेले आडदांड गडी एकमेकांना कवळ्या घालून लोळवत. १८७५ सालचा हा जिमखाना, मूळचा साहेबांचा. आपण बाहेरूनच बघायचे. आमच्या लालबागच्या पोरांना असा चेंडू कुणी दिला असता तर... असो.

आता कपाकडे येतो. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लंडवाले विरुद्ध स्कॉटलंड-आयर्लंड-वेल्सवाले असा रग्बीचा सामना झाला. त्या उत्साहात १८७३ च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पहिल्या वर्षी सभासद भरपूर. मग फुकटची दारू बंद झाली (हसू नका, इतिहासात नोंद आहे!), पलटण बदलून गेली, उरलेले लोक पोलो आणि टेनिसकडे वळले. क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा बँकेत पैसे शिल्लक होते. मेजवानी करून उडवता आले असते. पण रॉथनी नावाच्या चिटणीसाने सुचवले की कप करावा. मग चांदीचे २७० रुपये काढून वितळवले. तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे तीन किलोंच्या वर चांदी झाली. कपाला नागाच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला.

क्लबाची इच्छा अशी की कपासाठी दरवर्षी क्लबाक्लबांत स्पर्धा व्हावी. संघटनेने कप ठेवून घेतला, पण लावला इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला. १८७९ चा पहिला सामना बरोबरीत सुटला. अजून दोघे त्यासाठी झुंजतात. १९८८ साली तर खेळाडूंनी रात्री एडिंबरोच्या रस्त्यावर तो कप चेंडूसारखा तुडवला. केवढे पोचे आले त्याला! आपल्या रुपयांची ही दशा वाचून मला खरेच वाईट वाटले. (ते आपले होते का, हा वेगळा प्रश्न. नाणे राणीच्या छापाचे, पण कमाई इथलीच.)

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या चाळीचे कबड्डी मंडळ. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पोरे विरार-बदलापूरला पांगली. आमची पलटण अशी हलली. आता चाळ पुनर्विकासात जाते आहे आणि मंडळाच्या खात्यावर एकेचाळीस हजार पडून आहेत. परवाच्या बैठकीत निम्मे म्हणाले, वाटून घेऊ. एक जुना चढाईबहाद्दर, आता काठी टेकत येणारा, नुसता गप्प बसला होता.

मी कलकत्त्याची गोष्ट सांगितली. खजिनदार म्हणाले, "सर, हत्ती परवडायचा नाही, ढाल होईल." सगळे हसले. वाटून घ्यायची भाषा मागे पडली.

पण ढाल द्यायची कुणाला? जिल्हा संघटनेला दिली तर ती कुठल्या सामन्याला लावतील, यावर आपला काय ताबा? शाळांना द्यावी असे माझे मत. काठीवाल्याचे म्हणणे, फक्त मुलींच्या सामन्यांना द्या, मुलांना पुष्कळ ढाली आहेत. रविवारी पुन्हा बसणार आहोत.