भंडारा जिल्ह्यातील सायकलपटू सुशिकला आगाशे : एक अभ्यास

तलावांचा, भातशेतीचा आणि पितळी भांड्यांचा जिल्हा म्हणून भंडारा सर्वपरिचित आहे. येथील ग्रामजीवनात सायकल दीर्घकाळ दूधवाल्याची, शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची सोबती राहिली. पुढे मानव विकास कार्यक्रमांतर्गत दूरवरून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि मुलींचे सायकलवरून शाळेत जाणे ही नित्याची बाब झाली. मात्र शाळेच्या सायकलीपासून शर्यतीच्या सायकलीपर्यंत जाणारा मार्ग जिल्ह्यात तयार झाला नाही. सुशिकला दुर्गाप्रसाद आगाशे या भंडाऱ्याच्या कन्येची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे.

सुशिकला यांचा क्रीडाप्रकार म्हणजे ट्रॅक सायकलिंग. या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर नसतात आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते. शर्यत 250 मीटर लांबीच्या, वळणावर भिंतीसारख्या उभ्या होत जाणाऱ्या लाकडी धावपट्टीवर होते. अशी धावपट्टी भंडारा जिल्ह्यात नाही. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात ती उभारण्यात आली आणि तेव्हापासून देशातील ट्रॅक सायकलिंगचे केंद्र तेथेच आहे. साहजिकच या खेळातील ग्रामीण खेळाडूस आपले गाव सोडणे अपरिहार्य ठरते.

येथे नेदरलँड्सचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या देशात रोजची सायकल आणि शर्यतीची सायकल यांना जोडणारे क्लब गावोगावी आहेत. म्हणूनच मारियान व्होस यांच्यासारखी खेळाडू 2008 मध्ये ट्रॅकवर आणि 2012 मध्ये रस्त्यावर ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकते, चिखलातील सायक्लोक्रॉसची आठ जागतिक विजेतेपदे मिळवते आणि माउंटन बाइकच्या शर्यतींतही उतरते. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्याचे असे स्वातंत्र्य आपल्या खेळाडूस क्वचितच लाभते. निवड ज्या प्रकारासाठी झाली, तोच तिचा प्रकार.

सुशिकला यांच्या कारकिर्दीस एका नियमबदलाचाही हातभार लागला असावा. महिलांच्या सांघिक स्प्रिंट शर्यतीत पूर्वी दोनच खेळाडू असत. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून डेबोरा हेरॉल्ड आणि अलीना रेजी या दोघीच धावल्या होत्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने पुरुषांप्रमाणेच महिलांचाही संघ तिघींचा केला. तीन फेऱ्या, एकूण 750 मीटर; प्रत्येकीने एकेक फेरी आघाडीवर राहून वारा अंगावर घ्यायचा आणि बाजूला व्हायचे. एक जागा वाढली. जून 2022 मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई ट्रॅक अजिंक्यपद स्पर्धेत त्रियाशा पॉल, सुशिकला आगाशे आणि मयुरी लुटे यांच्या संघाने कांस्यपदक मिळविले. तिघींपैकी दोघी महाराष्ट्राच्या होत्या, ही बाब राज्याच्या क्रीडा इतिहासात विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, 29 जुलै 2022 रोजी, हाच संघ राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला. स्पर्धा बर्मिंगहॅमची, परंतु त्या शहरात आच्छादित धावपट्टी नसल्यामुळे ट्रॅक सायकलिंग लंडनच्या ली व्हॅली वेलोपार्कमध्ये घ्यावे लागले. भंडाऱ्याची उणीव बर्मिंगहॅमलाही होती, हा योगायोग गमतीचा खरा! भारतीय संघाने 51.433 सेकंदांची वेळ नोंदवून सातवे स्थान मिळविले. पदकाच्या लढतींसाठी पहिले चारच संघ पात्र ठरत असल्याने त्यांची स्पर्धा तेथेच संपली. थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात करून ताशी सुमारे 52 किलोमीटर ही सरासरी मात्र सामान्य म्हणता येणार नाही.

या कारकिर्दीच्या अभ्यासात साधनांची एक अडचण आहे. मराठी वृत्तपत्रांत 'सुशिकला', आंतरराष्ट्रीय निकालपत्रांत 'शुशिकला', तर काही ठिकाणी चक्क 'शशिकला' अशी एकाच खेळाडूची नावे आढळतात. उद्या कोणी जिल्ह्याचा क्रीडा इतिहास लिहावयास घेतला, तर एकीच्याच तीन खेळाडू होण्याची शक्यता नाकारता येत नाही. जिल्हा गॅझेटिअरमध्ये धरणे, पिके आणि यात्रा यांची तपशीलवार नोंद होते. खेळाडूंची अशी नोंद ठेवण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल. खेळाडू आणि तिचे प्रथम मार्गदर्शक हयात असतानाच त्यांच्या मुलाखती नोंदविणे, ही त्याची पहिली पायरी होय.