ऑरेंजरी म्हणजे काय? निफाडच्या शेकोटीशी तिचं नातं काय?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा 5 अंशांखाली उतरला की द्राक्ष उत्पादक रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. ऐन हंगामात कडाका पडला तर मण्यांना तडे जातात आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

300 वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या श्रीमंत जमीनदारांपुढेही हीच अडचण होती. झाड मात्र संत्र्याचं होतं.

संत्र्यासाठी वाडा

संत्री-लिंबं मूळची आशियातली. 'ऑरेंज' हा शब्दही संस्कृत 'नारंग'वरून फारसी, अरबी असा प्रवास करत युरोपात पोहोचला. तिथल्या हिवाळ्यात ही झाडं तग धरत नसत. म्हणून ती मोठ्या कुंड्यांत लावायची, उन्हाळ्यात बागेत ठेवायची आणि थंडीत आत न्यायची. ती ठेवण्याची इमारत म्हणजे ऑरेंजरी. डिरम पार्क या हवेलीची ऑरेंजरी विल्यम टॅलमन यांनी 1701 च्या सुमारास बांधली.

रचना कशी असते?

दक्षिणेकडे ओळीने उंच खिडक्या, कारण तिथे हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेकडूनच येतं. उत्तरेची भिंत जाड आणि बंद, म्हणजे गार वारा अडतो. आत उबेसाठी शेगड्या किंवा जमिनीखालून गरम हवेचे मार्ग.

दिसायला देखणी, पण झाडांना अपुरी

क्यू उद्यानातली ऑरेंजरी विल्यम चेंबर्स यांनी 1761 मध्ये उभारली. पण आत उजेड इतका कमी, की झाडं नीट वाढली नाहीत. पुढे लोखंडी सांगाडा आणि काचेचं छत आलं. 1845 मध्ये काचेवरचा कर उठला आणि काचघरं स्वस्त झाली.

उजेड मिळाला, तरी उबेचा खर्च राहिलाच. चॅट्सवर्थ हवेलीत जोसेफ पॅक्स्टन यांनी 1836 पासून बांधलेलं प्रचंड काचघर कोळशाच्या बॉयलरवर चाले. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. झाडं मेली आणि 1920 मध्ये काचघर पाडलं गेलं.

नाशिकमध्ये काय?

मुघलकाळात 'गुलशनाबाद' म्हटल्या गेलेल्या नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात आज गुलाब पॉलिहाऊसमध्ये फुलतात. लोखंडी पाइपांवर प्लास्टिक, बाजूला गुंडाळता येणारे पडदे आणि वर गरम हवा बाहेर पडायला फट. कारण इथे थंडीइतकीच उन्हाचीही काळजी घ्यावी लागते.

द्राक्षवेल मात्र कुंडीत उचलून आत नेता येत नाही. म्हणून निफाडची शेकोटी अजून पेटते.