टायर, स्पोर्ट्स मोटारसायकलचे
स्पोर्ट्स मोटारसायकल वळणात कशी वागते, हे बरेचसे टायरच्या गोलाईवर व उंचीवर ठरते. मागे १९०/५० (रुंदी मिमी.मध्ये/उंची रुंदीच्या टक्क्यांत) ऐवजी १९०/५५ बसवल्यास टायरची भिंत सुमारे ९.५ मिमी. उंच होते, गाडीचा मागचा भाग उचलला जातो, पुढचा फोर्क अधिक उभा होतो, ट्रेल (सुकाणूचा अक्ष जमिनीला मिळतो तो बिंदू व पुढच्या टायरचा स्पर्शबिंदू यांतील अंतर) घटतो. गाडी चटकन वळते, पण सरळ वेगात थोडी चंचल होते. निव्वळ रुबाबासाठी ५.५ इंची रिमवर १८० ऐवजी २०० चा टायर चढवण्याची हौस अंगाशी येते: कडा आत ओढल्या जाऊन गोलाईच बिघडते. महामार्गावर मधोमध झिजून सपाट झालेला टायर कलताना आधी अडतो, मग एकदम पडतो. हवा कमी असल्यास हँडल जड लागते. ट्रॅकवर मात्र टायर तापून दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला तो मुद्दाम कमी ठेवतात.