विमानांचे अपघात आणि वृत्तपत्रीय पुरावा

ता. १४ सप्टेंबर २०२३ रोजीं विशाखापट्टणहून आलेलें एक लहान जेट विमान मुंबईच्या विमानतळावर भर पावसांत उतरतांना अपघातांत सांपडलें. लिअरजेट ४५ या जातीच्या त्या विमानांत सहा प्रवासी व दोन वैमानिक होते. आठहि जण वांचले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें त्याच दिवशीं काढलेल्या निवेदनांत धावपट्टीचा क्रमांक २७, दृश्यमानता ७०० मीटर आणि जोराचा पाऊस एवढा तपशील देऊन, उतरतांना विमान धावपट्टी सोडून बाजूस गेलें असें नमूद केलें. कांहीं बातम्यांत तें ‘घसरलें’ असें आलें, तर कांहींत ‘कोसळलें’ असें. छायाचित्रांत विमानाचा सांगाडा मोडलेला दिसत होता व त्यास आगहि लागली होती. पन्नास वर्षांनीं हीं कात्रणें चाळणाऱ्या अभ्यासकानें कोणता शब्द प्रमाण मानावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. धावपट्टीवर जोरानें आदळणें, धावपट्टीच्या अलीकडेच टेकणें, टेकल्यावर बाजूस जाणें, यंत्र बंद पडल्यामुळें मोकळें शेत पाहून उतरणें आणि ताबा सुटून आकाशांतून खालीं पडणें, या पांच निरनिराळ्या घटना आहेत. प्रत्येकीचें कारण वेगळें असूं शकतें, आणि वैमानिकाच्या वर्तनाचा अर्थहि वेगळा होतो. शेत निवडून विमान उतरविणारा वैमानिक कदाचित् कौतुकास पात्र असेल. ‘कोसळलें’ या एका शब्दांत हे सर्व भेद बुडून जातात. उलटपक्षीं ‘बाजूस गेलें’ या सरकारी शब्दप्रयोगांत मोडलेला सांगाडा व आग यांचा मागमूसहि राहत नाहीं. दोन्ही लेखक खोटें बोलत नाहींत, परंतु दोघांपैकीं कोणीहि पुरतें सांगत नाहीं.

ता. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून उडालेलें सेस्ना १५२ जातीचें शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या शिवारांत पडलें. आंत शिकाऊ वैमानिकाखेरीज कोणी नव्हतें, आणि जखमांवर निभावलें. त्या बातमींतहि ‘कोसळलें’ हाच शब्द आला. त्यासोबत शिकणाऱ्या व्यक्तीचें नांव व वयहि आलें. विमानाचें नेमकें काय झालें हें ठरण्यापूर्वींच एक नांव त्या शब्दाशीं कायमचें जोडलें गेलें. विद्येच्या आरंभींच असा शिक्का बसणें ही लहान गोष्ट नव्हे.

चौकशीचा मार्ग निराळा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें १९५१ सालीं अपघातांच्या चौकशीचे नियम प्रथम स्वीकारले. भारतांत त्यासाठीं स्वतंत्र विभाग २०१२ सालीं स्थापन झाला. या चौकशीचा हेतु दोषी ठरविण्याचा नसून पुढील अपघात टाळण्याचा असतो. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत व अंतिम अहवाल शक्यतों बारा महिन्यांत यावा, असा दंडक आहे. बातमी कांहीं तासांत छापली जाते. अहवाल येतो तेव्हां वाचकांचें कुतूहल विझलेलें असतें. मग त्यास पहिल्या बातमीएवढी जागा क्वचितच मिळते. म्हणून ज्याच्यापाशीं केवळ कात्रणें आहेत, त्याच्यापाशीं बहुधा आरंभ असतो, शेवट नसतो.

पुराव्याची ही अडचण करवीरच्या वाचकांस नवी नाहीं. चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाच्या वार्तांनीं महाराष्ट्र व्यथित झाला असतां, ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनीं कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कठोर आरोप केले. ज्या पत्रांवर त्यांची भिस्त होती तीं बनावट ठरलीं, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. पुढें ता. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगरच्या किल्ल्यांत, पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. वृत्तपत्रांची कळकळ खरी होती, परंतु हातांतील कागद खोटा होता. कळकळ हा कागदाच्या खरेपणाचा पुरावा होऊं शकत नाहीं, हा धडा या नगरींतील प्रकरणानेंच शिकविला आहे.

तथापि वृत्तपत्रें टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. शेतांत प्रथम कोण धांवला, पाऊस किती होता, गांवकऱ्यांनीं काय ऐकलें, या गोष्टी चौकशीच्या अहवालांत न येण्याचा संभव असतो. त्या बातमीदारच टिपून ठेवतो. अहवालहि विशिष्ट हेतूनेंच लिहिलेला असतो. म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितों. कात्रणावर तारखेबरोबर, मिळाल्यास, बातमी निघाल्याची वेळहि नोंदवावी. बातमीदारानें स्वतः पाहिलेलें आणि दुसऱ्याकडून ऐकलेलें हें वेगळें काढावें. आणि अहवाल प्रसिद्ध होतांच तो त्याच कात्रणाशेजारीं ठेवावा, म्हणजे बखर व अस्सल पत्र जसें ताडून पाहतों तसें येथेंहि करतां येईल.

राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत १९३९ सालीं उजळाईवाडी येथें विमानतळ झाला. त्याचा साद्यंत इतिहास कोणी लिहूं लागेल तेव्हां त्याला जुन्या अंकांकडे वळावेंच लागेल. त्या अंकांत ‘कोसळलें’ हा शब्द भेटला, तर त्यानें तेथें क्षणभर थांबावें आणि त्या विमानांत बसलेल्या माणसाचीहि बाजू शोधावी, एवढीच आमची विनंती आहे.