सापाचे हृदय आणि डॉक्टरांची सुई

मंगळवेढ्याची ज्वारी पाटाच्या पाण्याची वाट पाहत नाही. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती पोसते. उसाचे तसे नाही. पाट बुजला की ऊस वाळलाच म्हणून समजा.

माणसाचे हृदय या उसासारखे आहे. त्याच्या कप्प्यांतून सारखे रक्त वाहते; पण हृदयाच्या जाड स्नायूला त्याचा तिथून फारसा उपयोग नाही. त्याला रक्त मिळते ते बाहेरून आलेल्या बारीक वाहिन्यांतून. ती वाहिनी तुंबली, की रक्ताने भरलेले हृदयच रक्तावाचून उपाशी राहते. सापाचे हृदय मात्र ज्वारीच्या जातीचे! त्याचा स्नायू सच्छिद्र असतो आणि कप्प्यातले रक्त थेट त्यात झिरपते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी नेमके हेच हेरले. माणसाच्या हृदयालाही अशी वाट करून दिली तर? सुईने स्नायूला आरपार बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे आतले रक्त त्यात शिरेल, असा त्यांचा विचार. डॉ. उदवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांच्यासह त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १९६५ साली ते प्रसिद्ध केले. याच डॉ. सेनांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातले पहिले हृदयारोपण केले. तो रोगी काही तासच जगला.

सुईची युक्तीही पुरती साधली नाही. जखम भरून काढणे हा शरीराचा धर्मच; त्यामुळे छिद्रे बुजत. पण कल्पना बुजली नाही. पुढे अमेरिकेत डॉ. मीरहोसेनी यांनी सुईच्या जागी लेसर किरण वापरले आणि १९९८ साली तिथल्या सरकारने त्या यंत्राला मान्यता दिली. गंमत अशी, की लेसरची छिद्रेही बहुधा बुजतात. तरी काही रोग्यांचे छातीतले दुखणे कमी होते. ते का, याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही. आज मुख्य उपचार आहेत ते औषधे, स्टेंट आणि बायपास यांचे. दुसरा इलाज चालत नसेल, अशा थोड्या रोग्यांसाठीच लेसरचा विचार होतो.

गुरुजनहो, येत्या नागपंचमीला साप दूध पितो ही भाकडकथा बाजूला ठेवा, आणि मुलांना सापाच्या हृदयाची ही खरी हकीगत सांगा.